हेडबाईंच्या तोंडातलं हाड

३ मार्च

चि. बाळ,

हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरच्या पत्त्यावर पाठवलेली दोन परत आली, दोन्हींवर लाल पेनाने 'इथे राहत नाहीत' असं लिहून. तू ज्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवतेस तिचा पत्ता आत्याने दिला. देऊ की नको करत होती, पण दिला. फोन केला असता, पण माझे कान आता शोभेपुरते उरलेत. फोनवरचं बोलणं मला पत्र्यावर वाळू पडल्यासारखं ऐकू येतं. शिवाय तुझा नंबर नाही माझ्याकडे. तुझी आई गेली त्याला सहा वर्षं झाली, आणि आपलं बोलणं थांबलं त्यालाही तेवढीच.

कामाशिवाय मी लिहिलं नसतं हे तुला ठाऊक आहे, म्हणून सरळ कामाचंच सांगतो. हेडबाईला घेऊन गेले.

ती आता तेरा वर्षांची आहे, कुत्रीच्या मानाने म्हातारीच. तोंड सगळं पांढरं झालंय. चाल मात्र तीच, हातात पट्टी घेऊन वर्गातून फिरल्यासारखी. हृदय वाढलंय, त्याला सकाळी अर्धी गोळी आणि संध्याकाळी अर्धी. ती चुकली की छातीत पाणी भरतं.

गेल्या महिन्यात ती खाटकाच्या दुकानामागून काहीतरी तोंडात धरून आली. चूक माझीच, पट्टा सोडला होता. बरगडीचा तुकडा होता. तो वरच्या दाढांमध्ये टाळूला आडवा असा अडकला की दाराला खीळ घालावी. पंजाने तोंड ओरबाडत होती, लाळ, रक्त आणि किंकाळ्या. रस्त्यावर हात केला तर एक गाडी थांबेना. शेवटी म्हटलं, चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून घालवली, डॉक्टरांनी टोचायचं आणि आपण धरायचं, जखमा धुवायच्या, बांधायच्या, ती कशासाठी? मागच्या पायरीवर तिला गुडघ्यांत दाबून धरलं, पोतं गुंडाळलं, जबड्यात लाकडी चमचा घातला आणि पकडीने हाड काढलं. दोन-तीन मिनिटांचं काम. नंतर ती पाणी प्यायली, माझा हात चाटला आणि तिथेच झोपली.

मागच्या इमारतीतून कुणीतरी त्यातले अकरा सेकंद टिपले. त्यात हाड नाही, पाणी पिणं नाही. मी तिच्या अंगावर बसलोय आणि ती किंचाळतेय, एवढंच. वर लिहिलंय, 'म्हाताऱ्याने कुत्रीचा गळा आवळला'. मला हे तीन दिवसांनी कळलं. आधी नुसतं जाणवत होतं. वाण्याने सुटे पैसे हातावर न देता फळीवर ठेवले. दारावर कोळशाने 'खुनी' लिहिलं होतं, ते मी घासून काढलं, पण नीट जात नाही. मग कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने आत बोलावून तो व्हिडिओ दाखवला आणि खालचं एकेक वाचून दाखवलं. बिचारा मधलं मधलं गाळत होता, ते मला कळत होतं.

पाचव्या दिवशी एका संस्थेची चार माणसं गाडी घेऊन आली. ऐकू येत नाही म्हटलं तर त्यांना वाटलं ढोंग करतोय. गोळ्यांचं पाकीट दिलं तर त्यातली एक बाई दुसऱ्याला म्हणाली, 'हे बघ, गुंगीचं औषध देतो.' ओठांवरून कळलं मला. हेडबाई गाडीत चढेना. माझ्याकडे बघत होती, मी चढवावं म्हणून. मीच चढवलं.

तर काम हे. तिला कुठे नेलंय ते शोध. तुला या फोनच्या जगातलं कळतं.

कुणीतरी खाली लिहून माझा धंदा आणि आपली गल्लीसुद्धा सांगितली. कुणी ते मला कळलंय. दवाखान्यातला वॉचमन. रविवारी माझ्याकडे पत्ते खेळायला यायचा तोच. त्यात एक गोष्ट अशी लिहिली आहे की ती त्याच्याशिवाय कुणाला माहीत असूच शकत नाही. काय ती जाऊ दे. गेल्या रविवारी त्याला दारातूनच परत लावलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझा,
बाबा


११ मार्च

बाबा,

पत्र मिळालं. लॅबमध्ये सगळ्यांसमोर मिळालं, ते मला आवडलं नाही.

व्हिडिओ मी पाहिला आहे. तुम्ही लिहिलंत ती तुमची बाजू झाली. हाड होतं की नव्हतं हे मला इथून कसं कळणार? संस्थेची माणसं उगाच कुणाच्या घरी जात नसतील. त्यांनाही कामं आहेत.

तुम्ही दोन ओळी मागितल्या म्हणून एकच प्रश्न विचारते. माझा गुंड्या कुठे गेला होता? मी तिसरीत असतानाचा. याचं खरं उत्तर आलं तर मी तुमच्या बाकीच्या पत्रावर विश्वास ठेवीन.

वॉचमनकाकांना परत बोलवा. त्यांनी काही केलेलं नसेल.


१५ मार्च

चि. बाळ,

पत्र आलं. पोस्टमनने दार वाजवलेलं ऐकू आलं नाही, खिडकीतून आत टाकून गेला.

तीस वर्षांपूर्वीचं कुत्रं तुला आत्ता आठवलं? गुंड्या पळून गेला. तेव्हाही सांगितलं होतं. नर कुत्री पळतात. तू गल्लीगल्लीत कागद चिकटवलेस, मीही तुझ्याबरोबर फिरलो. आता त्यात काय उकरायचंय?

इथे एकेक बाई येऊन मला शिकवते, 'आजोबा, प्राण्यांवर प्रेम करायला शिका.' मला तो शब्दच कळत नाही. प्रेम काय, कुणीही करतं. नखं कोण कापतं ते सांगा. गोचीड कोण काढतं, म्हातारपणी अंथरुणात घाण झाली तर कोण पुसतं, ते सांगा. चौतीस वर्षांत मी माणसं बघितली आहेत. रिबीन बांधून पिल्लू आणायची, मांडीवर घेऊन फोटो काढायची, आणि वर्षभरात तेच पिल्लू दवाखान्याच्या फाटकाला बांधलेलं सापडायचं. पाण्याचं भांडं ठेवायचीसुद्धा शुद्ध नसायची. हेडबाई अशीच आली. सोमवारी सकाळी फाटकाला, गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा. पट्टा नवा होता बघ. रागावून सोडलं असतं तर पट्टा काढून घेतला असता. म्हणजे प्रेमच होतं त्यांचं.

अशी माणसं आता माझ्या नावाने बोटं मोडतात. अकरा सेकंदांत त्यांना सगळं कळलं. एका बाळंतपणात गाईजवळ अकरा तास बसलोय मी, आणि तरी शेवटपर्यंत काही कळलं नव्हतं.

असो. तू विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस. तिच्या गोळ्या चुकून वीस दिवस होत आले. गोळीचं नाव मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्या लोकांना एवढं कळव. माझं नाव सांगू नकोस हवं तर.

वॉचमन दोन रविवार आला नाही. बरं झालं. एकट्याने पत्ते लावता येतात, फक्त सारखं आपणच जिंकतो.

बाबा


२३ मार्च

बाबा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

गुंड्या पळाला नव्हता. आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिने मला सांगितलं. तिचे शब्द असे होते, 'तो पळाला नव्हता गं. ह्यांनीच दवाखान्यात नेऊन संपवला. का ते त्यांनाच विचार, त्यांनीच सांगायला हवं.' मी विचारलं नाही. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून तिच्यामागे दोन आठवडे घरात राहिले. तुम्ही रोज सकाळी हेडबाईला फिरवायला घेऊन जायचात, आणि मी त्या कुत्रीकडे बघत बसायचे, की हिच्यासाठी यांच्याकडे एवढं आहे. मग मी निघून आले. तीन महिने मी गुंड्याला शोधलं होतं, बाबा. शाळेतून येताना प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचे. तुम्ही माझ्याबरोबर फिरायचात आणि त्याच्या नावाने हाका मारायचात. तुम्ही हाका मारत होतात. मला तेच विसरता येत नाही.

आता माझं ऐका. लॅबमध्ये डब्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या बाईने तो व्हिडिओ दाखवला. मी मागची पायरी ओळखली, मग तुमची मान. आणि मी खाली लिहिलं. 'मी या माणसाला ओळखते. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. आमच्या घरच्या कुत्र्यालाही यानेच मारलं आणि पळून गेला म्हणून सांगितलं.' कुणीतरी गल्ली विचारली. मी गल्ली सांगितली.

वॉचमनकाका नव्हते. मी होते.

पहिल्या तासात अकराशे लोकांनी ते पसंत केलं. अनोळखी बायका मला लिहीत होत्या, 'ताई, तू किती सोसलं असशील.' मला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी ते घरी जाऊन परत परत वाचलं.

तुमचं दुसरं पत्र आलं आणि मला राग आला, तुम्ही पुन्हा खोटं लिहिलंत म्हणून. खोटारड्याला खोटारडा सिद्ध करायचं म्हणून तो व्हिडिओ मी पुन्हा लावला. आवाज बंद केला, आणि एकेक चित्र थांबवत बघितला. आमच्याकडे रोज तोंडं येतात, माणसांशिवाय. प्लास्टरचे जबडे. वीस वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही. तुमचा डावा अंगठा सुळ्याच्या मागे होता. गळा आवळणारा माणूस अंगठा तिथे घालत नाही, घालूच शकत नाही, बोट तुटेल. आणि आठव्या सेकंदाला तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळतं तेव्हा दाढांच्या मधे काहीतरी पांढरं आडवं दिसतं. तो दात नाही. तिथे दात नसतो. मला ते पहिल्या दिवशीही दिसायला हवं होतं. दिसलं असतं, मी बघितलं असतं तर.

मी लिहिलेलं काढून टाकलं आणि खरं काय ते लिहिलं. चार जणांनी वाचलं. त्यातल्या एकाने लिहिलं, 'किती पैसे मिळाले?'

संस्थेला तीन वेळा फोन केला. गोळीचं नाव सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, असे फोन रोज येतात. मी प्रयत्न सोडलेला नाही.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही.


१९ एप्रिल

बाबा,

जवळजवळ महिना झाला, तुमचं पत्र नाही. आत्याला विचारलं. ती म्हणाली, बरे आहेत, मी गेले होते तर त्यांनी दार उघडलं, चहा केला, तुझा विषय काढला की ऐकू न आल्यासारखं करतात. म्हणजे तुम्ही पत्र वाचलंय.

हेडबाई माझ्याकडे आहे.

संस्थेने तिला शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात हलवलं होतं. चार दिवसांपूर्वी दोन गाड्या बदलून गेले. पत्र्याच्या लांब शेड, प्रत्येक जाळीमागे चार-पाच कुत्री, आणि सगळी एकदम भुंकतात. एकटी हेडबाई भुंकत नव्हती. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. खोकत होती. तिच्या कागदावर लिहिलंय, 'गळा आवळल्यामुळे खोकला.' म्हणजे तुमच्या औषधाअभावी जो खोकला झाला, तोही तुमच्याच नावावर मांडलाय.

तुमच्या घरी आलेली बाई तिथे भेटली. मी तावातावाने बोलायला लागले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या हातावर चावल्याचे जुने-नवे व्रण होते. ती म्हणाली, 'त्या दिवशी आम्हाला चाळीस फोन आले. व्हिडिओवर मी गेले नसते, असे रोज दहा येतात. पण खाली त्यांच्या घरच्या माणसाने लिहिलं होतं. घरचा माणूस खोटं कशाला सांगेल?' मग मी तिला सांगितलं की ते मी लिहिलं होतं. ती वळली. आत गेली, कागद घेऊन आली आणि मला सही कुठे करायची ते दाखवलं. तुमच्या नावाने सोडता येत नाही म्हणाली, तक्रार अजून मिटलेली नाही. माझ्या नावाने सोडली.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. तिला उचलून आणली. हलकी झालीय. घरमालकांना कुत्रं चालत नाही, पण त्यांनी जिन्यात बघितलं आणि म्हणाले, 'पाहुणी आहे ना?' मी हो म्हटलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, अर्धीच्या जागी आता पूर्ण, आणि पाणी काढायची वेगळी. छातीत बरंच साठलंय.

ती दाराकडे बघत असते. मी आले की शेपूट हलवते आणि मग माझ्या मागे बघते, आणखी कुणी येतंय का ते.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे प्रवास नको. त्यानंतर घेऊन येते. तुम्ही हो-नाही काहीतरी कळवा.


२४ एप्रिल

चि. बाळ,

पत्र लिहिलं नाही कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. तू त्या चार ओळी लिहिल्यास याचा राग होता. खोटं कशाला सांगू, अजून आहे. पण मला जास्त वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. तू लिहिलंस त्यात चुकीचा एकही शब्द नव्हता. मी ड्रेसर होतो. घरच्या कुत्र्याला मी मारलं. पळून गेला म्हणून सांगितलं. मोबाईलवाल्याने वाचून दाखवलं तेव्हा मला वॉचमनची आठवण आली, कारण खड्डा त्याने खणला होता. तुला ठाऊक असेल असं मनातसुद्धा आलं नाही. तुझ्या आईने चोवीस वर्षं पोटात ठेवलं आणि जाता जाता सांगितलं. बरं केलं तिने.

आता का ते सांगतो.

गुंड्या दोन दिवस पाण्याच्या भांड्यापासून मागे सरकत होता. तिसऱ्या दिवशी त्याचा जबडा लोंबायला लागला आणि आवाज बदलला. मी रोज बघणारा माणूस, मला लांबूनच कळलं. पिसाळला होता. आदल्याच दिवशी तू त्याला हाताने पोळी भरवली होतीस आणि तुझ्या खरचटलेल्या गुडघ्याला तो चाटला होता. तुला शाळेत पाठवलं, त्याला पोत्यात घालून नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, मी धरलं. मला ओळखत होता की नाही ते सांगता येत नाही. मग आपण तिघांनी दंडात पाच-पाच इंजेक्शनं घेतली, आठवतंय? तुला सांगितलं होतं साथ आली आहे.

खरं तेव्हाच सांगता आलं असतं. कुठल्याही पोरीला कळलं असतं, आजारी होता, इलाज नव्हता. पण तू हुशार होतीस. तू पुढचा प्रश्न विचारला असतास, 'बाबा, त्याला लस दिली नव्हती का?'

नव्हती दिली. दवाखान्यात रोज शंभर कुत्र्यांना मी लशीसाठी धरायचो. लोकांना ओरडायचो, वर्ष झालं, आणलं का नाही? घरच्याला मात्र उद्या नेतो, परवा नेतो. आठ महिने उद्या-उद्या केलं. घराजवळच दवाखाना म्हणून राहूनच गेलं. तुझी आई आठवण करायची, तिच्यावर खेकसायचो, मला शिकवू नकोस म्हणून.

माझ्या आळसाने तुझं कुत्रं मेलं आणि तूही मरता मरता वाचलीस. ते तोंडातून निघेना. म्हणून पळून गेला म्हटलं. मला वाटलं चार दिवस रडशील. तू तीन महिने शोधलंस. तुझ्याबरोबर फिरलो नसतो तर तुला संशय आला असता, म्हणून फिरलो. आणि हाका मारल्या. एकदा भाजीबाजाराच्या मागे हाक मारली तर एक तसंच तांबडं कुत्रं वळून बघायला लागलं, आणि तू धावलीस. तेव्हा तुला सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही सांगितलं.

लोक मला क्रूर म्हणतात तेव्हा मी हाडाची गोष्ट सांगतो. ती खरी आहे. पण मनात वाटतं, ह्यांना चुकीच्या दिवसाचा व्हिडिओ मिळालाय.

हेडबाईला घेऊन ये. नाहीतर मी येतो? तीन मजले चढेन. गोळी ती नुसती खात नाही, थुंकते. गूळ लावून जिभेच्या मागे ठेव आणि नाकावर फुंकर मार, लगेच गिळते. डाव्या कानामागे खाजवलं की मागचा पाय हलवते. तो आजार नाही, घाबरू नकोस.

बाबा


९ मे

बाबा,

हेडबाई परवा गेली.

काल कामावर हे पत्र लिहायला घेतलं होतं आणि पहिली ओळ वेगळी लिहिली होती. 'हेडबाई मजेत आहे, अजून महिनाभर प्रवास नको म्हणाले.' एवढी ओळ लिहून झाली होती. महिन्याने आणखी एक लिहिली असती. सोपं आहे ते, बाबा. तुम्हाला किती सोपं गेलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. तो कागद फाडला.

परवा सकाळी तिने गोळी घेतली, तुम्ही सांगितलं तशी, गूळ लावून. दुपारी सुट्टी घेऊन घरी आले कारण सकाळपासून तिचा श्वास बरा नव्हता. दाराजवळ आडवी होती, जीभ निळसर. डॉक्टर चढून आले. म्हणाले, आता तासाभराचा प्रश्न आहे, हवं तर सुई देतो, नाहीतर गुदमरत जाईल. ठरवायचं मी होतं. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता, फोन केला असता तर तुम्हाला ऐकू आलं नसतं. मी द्या म्हटलं. तिचं डोकं मी धरलं. तुम्ही कसं धरत असाल तसं धरायचा प्रयत्न केला, एक हात जबड्याखाली, एक कानामागे. पाय हलवला तिने. मग नाही हलवला.

पन्नासेक दिवस तिला औषध मिळालं नाही, त्यामुळे हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तेरा वर्षांची होती, तसंही फार नव्हतं. मी म्हटलं, नीट सांगा. मग म्हणाले, हो, काही महिने कमी झाले असतील.

ते काही महिने माझ्यामुळे गेले. तुम्हाला कुणी दुसऱ्याने सांगण्याआधी मी सांगते आहे.

घरमालकांनी मागच्या बाजूला जागा दिली. कुदळही त्यांनीच आणली.


२० मे

चि. बाळ,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. सुई दिलीस ते योग्य केलंस. डोकं तसंच धरतात.

बाकी मला त्यावर आत्ता लिहिता येत नाही.

वॉचमनकडे गेलो होतो. पायरीवर उभा राहून म्हटलं, माझी चूक झाली, तू नव्हतास. त्याने विचारलं, मग कोण? मी म्हटलं, घरचंच माणूस होतं. त्याने मला आत घेतलं, स्टूल पुढे केलं. मग म्हणाला, 'घरच्याचं वेगळं. घरच्याकडे काहीतरी कारण असतं.' पत्ते काढले नाहीत. बसलो नुसते.

आता इकडची एक गंमत सांगतो, तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. तू लिहिलेलं खरं कसंबसं मागच्या इमारतीपर्यंत पोचलं. मोबाईलवाला म्हणतो, त्यानेच चारजणांना वाचून दाखवलं. काल सकाळी दार उघडलं तर सात-आठ माणसं उभी. पुढे ती चौथ्या मजल्यावरची बाई, जिच्या गॅलरीतून तो व्हिडिओ निघाला म्हणतात. हातात खोकं. खोक्यात पिल्लू. दोन महिन्यांचं असेल, गुबगुबीत, गळ्यात निळी रिबीन. म्हणाली, 'आजोबा, आमच्याकडून. झालं गेलं विसरा.' तिच्या मागे दोघांनी फोन उंच धरले होते.

मी म्हटलं, आधी ते खाली करा, मग बोलू. कुणी खाली केले नाहीत. त्यांना वाटलं म्हातारा भावनावश झालाय.

पिल्लू खोक्याच्या कडेवर पाय ठेवून माझा वास घेत होतं. अंगाला हेडबाईचा वास असेल अजून, मी तिची गादी धुतलेली नाही. मी त्याला उचललं. दात बघितले, पोट बघितलं, जंत होते. लस झाली का विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले. मग मी त्याला परत खोक्यात ठेवलं आणि म्हटलं, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे तेरा-चौदा वर्षं जगेल. मी गेल्यावर याला कोण घेणार? हात वर करा.

एकही हात वर झाला नाही. फोनवाले दोन हात तेवढे वर होतेच.

मी म्हटलं, मग मला नको. ह्याची आई कुठे आहे? तिच्याकडे नेऊन सोडा, अजून दूध पितंय. आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. पिल्लू रडत असेल तर ते मला ऐकू आलं नाही. त्या एका गोष्टीसाठी कान गेल्याचं बरं वाटलं.

आज दुपारी मोबाईलवाला दुकानातून पळत आला. मी हाताने त्याला थांबवलं. त्याच्या तोंडावरूनच कळलं, रिबीन बांधलेलं पिल्लू परत पाठवणारा म्हातारा आता किती ठिकाणी फिरतोय ते. मी त्याला म्हटलं, वाचू नकोस. तुलाही तेच सांगतो. खाली लोक काय लिहितात ते बघू नकोस आणि माझ्या बाजूने काही लिहायला जाऊ नकोस. तुझ्या चार ओळींना पुन्हा चारजणच मिळतील.

त्यापेक्षा इकडे ये. हेडबाईला आणायचं निमित्त होतं, ते आता राहिलं नाही, म्हणून तू येणार नाहीस असं मला दोन दिवस वाटत होतं. मग म्हटलं, विचारून तरी बघावं. निमित्त नाही. काम नाही. तुला मी कामाशिवाय कधी पत्र लिहिलं नाही, हे पहिलंच.

शनिवारची गाडी दुपारी पोचते. मी स्टँडवर येऊन थांबेन. हाक मारलीस तर ऐकू येणार नाही, सरळ येऊन हात धर.

बाबा